सागवानी फ्लोअरवरची पावडर

आधीच सांगते, मी पोंभुर्ण्याच्या शाळेत विज्ञान शिकवते. कोणाच्या अंगात आलं की मी आधी थर्मामीटर शोधते. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण लिहिते.

चंद्रपूरजवळच्या एका कोळसा खाणीच्या कॉलनीत साहेबांचा क्लब होता. सागवानी डान्स फ्लोअर, आणि माझे बाबा तिथले फ्लोअरवाले. शनिवारी नागपूरहून बँड यायचा, जोडपी नाचायची. त्याआधी बाबा फ्लोअरवर पांढरी पावडर पसरायचे, बूट अलगद सरकावेत म्हणून. पसरत पसरत उलटं दारापर्यंत यायचं, स्वतःचं पाऊल फडक्याने पुसत. त्यानंतर नोकरमाणसाने फ्लोअरवर पाय ठेवायचा नाही, हा नियम. पुढे बँड गेला, हाऊजी आली, मग बॅडमिंटन, मग लग्नं आणि डीजे. शेवटी कुलूप.

आई बाबांचा डबा घेऊन जायची आणि मागच्या दारातून नाच बघायची. एकदा हॉल रिकामा असताना म्हणाली, "आपण बी एक चक्कर मारू न जी."

"नाई," बाबा म्हणाले. "साहेबलोकायची जागा आहे."

आई वारल्यावर आपलं हे एकच वाक्य त्यांना खात राहिलं. त्यातच एकदा पडले, कमरेला मार बसला नि दोन्ही पाय कायमचे लुळे झाले.

यंदा एप्रिलमध्ये क्लब पाडणार असं कळलं. बाबा हट्टालाच पेटले. "बाई, मले एकडाव घेऊन चाल. अन् कॅरमची पावडर घेजो."

"पावडर कायले बाबा?"

"पावडर टाकल्याबिगर नाच नाई होत."

आम्ही दुपारी पोचलो, तेव्हा क्लबचा चौकीदार मागचं दार उघडून जेवायला गेला. बाकीची दारं खिळे ठोकून बंद. बाबा उंबरठ्याबाहेर व्हीलचेअरवर बसून हुकूम सोडत होते, "उलटी चाल! पाय उमटला नाई पाहिजे!" मी घामाघूम होऊन, पाऊल पुसत पुसत दाराशी आले, चाकांना ब्रेक लावला आणि भिंतीला टेकले. झडपांतून ऊन येत होतं, त्यात पावडर तरंगत होती. कुठूनतरी मोहाच्या फुलांचा गोड वास... डुलकी कधी लागली, कळलं नाही. झोपेत सर्र-सर्र असा आवाज येत राहिला, लाकडावर काहीतरी सरकत असल्यासारखा. भीती अजिबात वाटली नाही. लहानपणी ताप उतरल्यावर वाटायचं तसं हलकं वाटलं.

डोळे उघडले तर बाबा खुर्चीतच. ब्रेक तसाच.

फ्लोअरच्या मध्यभागी मात्र गोल गोल फिरलेली अनवाणी पावलं — एक जोडी मोठी, एक लहान. दारापासून तिथपर्यंत एकही खूण नाही!

चौकीदार आला, त्याला दाखवलं. "म्याडम, तुमीच चालले असान," तो म्हणाला. मी त्याला माझे बूट दाखवले. फोटो काढायचं सुचलंच नाही, विचारू नका.

संध्याकाळी घरी बाबांच्या चपला काढल्या. दोन्ही तळवे पांढरेफटक, बोटांच्या बेचक्यांपर्यंत. ते पाय आजही हलत नाहीत. डॉक्टरांना विचारून झालं, स्वतःशी भांडूनही झालं.

मी ओलं फडकं तळव्याला लावणार, तोच बाबांनी माझा हात धरला.

"राहू दे बाई. आज नको पुसू."