वडाभोवतीचा पक्का पार

काल वटपौर्णिमा झाली. आमच्या कॉलनीच्या पार्कात बायका चिखलात उभ्या राहून वडाला दोरा गुंडाळत होत्या, आणि तो चिखल माझ्यामुळे झाला होता... तरी मला कोणी एक शब्द बोललं नाही. त्याचं कारण सांगतो.

मी जबलपूरच्या आमच्या कॉलनीतल्या पार्क समितीचा सेक्रेटरी. पार्कातल्या वडाची वर्षातून दोनदा पूजा होते. हिंदी बोलणाऱ्या शेजारणी अमावस्येला करतात, आपल्या मराठी बायका पंधरा दिवसांनी पौर्णिमेला.

साडी मातीनं भरते, ही माझ्या बायकोची, सुनंदाची, दर वर्षीची तक्रार. मागच्या वर्षी मी मनावर घेतलं आणि वडाभोवती गोल पार बांधून घेतला. खमरियाच्या दारूगोळा कारखान्यात नोकरी केलेला माणूस मी, कच्चं काम चालत नाही... सिमेंट थेट बुंध्याला भिडवलं, वर टाइल्स. सगळ्यांनी वाहवा केली आणि मी दोन दिवस कॉलर ताठ करून फिरलो.

या उन्हाळ्यात वडाची पानं पिवळी पडायला लागली. आधी वाटलं, ऊन असेल. मग एका बाजूच्या फांद्या चक्क उघड्या पडल्या.

आमचे माळी रामदीनजी, त्यांना विचारलं. त्यांनी उत्तर द्यायच्या आधी टाइल्सवर बादलीभर पाणी ओतलं. सगळं पाणी वाहत गेटकडे गेलं, थेंबभरही आत मुरलं नाही. मग म्हणाले, "बाबूजी, पेड़ पानी पिए तो कहाँ से?"

 जिथे बायको माझ्या आयुष्यासाठी फेऱ्या मारते, त्याच झाडाचा गळा मी आवळून बसलो होतो. त्या दिवशी जेवणही गेलं नाही.

पार फोडायला हवा, हे कळत होतं. पण दोन्ही पूजा तोंडावर आलेल्या, आणि पूजेच्या झाडापाशी घण घालायचा म्हणजे लोक काय म्हणतील... शिवाय स्वतःच मिरवलेलं काम स्वतःच फोडायचं, त्याचीही लाज होतीच. खोटं कशाला बोलू.

शेवटी सुनंदाला सांगितलं. वाटलं होतं, चांगलीच झापेल. ती म्हणाली, "अहो, काहून एवढं टेन्शन घेऊन राहिले? चिखल तर धुतला की जाते. झाडच गेलं तर मी फिरू कोणाभोवती?"

तीच मला तिवारी भाभींकडे घेऊन गेली. अमावस्येची पूजा त्यांच्या पुढाकारानं होते. भाभींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, आमची पूजा होऊ द्या, मग तुमच्या पूनमपर्यंत पंधरा दिवस मिळतात, त्यात काम उरका. म्हणजे त्यांची पूजा टाइल्सवर आणि चिखल आमच्या बायकांच्या वाट्याला... सुनंदानं सगळ्यांच्या वतीनं हो म्हणून टाकलं आणि झाडासाठी यंदा चिखल चालवून घ्यायचा, हे बाकीच्या बायकांनाही पटवलं.

पार्क नगर निगमचं, म्हणून अर्ज केला. तिथल्या साहेबांनी मागच्या वर्षीचा बांधायचा अर्ज आणि आत्ताचा फोडायचा अर्ज शेजारी शेजारी ठेवले. दोन्हींवर सही माझीच. ते हसले, पण परवानगी दिली.

अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी पार फुटला. खालची माती विटेसारखी कडक झालेली. रामदीनजींनी ती हळूहळू मोकळी केली, मोठं आळं केलं आणि रोज सकाळी पाइप सोडून ठेवला. मी दिवसातून दोनदा जाऊन वर बघत उभा राहायचो... लोकांना वाटलं, म्हातारा देवभोळा झाला.

काल पूजा चालू असताना रामदीनजींनी मला बाजूला नेलं आणि उघड्या फांद्यांकडे बोट दाखवलं. मला आधी काही दिसेना. चष्मा पुसून पाहिलं तर टोकांना लालसर कोंब... एक नाही, बरेच. "बच गया, बाबूजी," एवढंच ते म्हणाले. महिनाभर छातीवर बसलेलं ओझं उतरलं, आणि खरं सांगतो, डोळे भरून आले.

पुरुषांनी वडाची पूजा करायची आमच्यात पद्धत नाही. बायकांच्या फेऱ्या संपल्यावर मी चपला काढून चिखलात उतरलो आणि तांब्याभर पाणी घातलं. मागितलं काहीच नाही... माफी तेवढी मागितली.