हरणाबाईची लेक चव बघते

विट्याहून आलेले पाहुणे सतरंजीवर ऐसपैस बसले होते. मुलाच्या मामांनी रीतीप्रमाणं विचारलं, "पोरगी काय करती म्हनं?"

आप्पासोंनी घसा खाकरला. "फळांच्या कारखान्यात..." एवढंच ते बोलले, तोवर त्यांच्या लेकीनं, सोनमनं, सांगून टाकलं, "वाईन, व्हिस्की, लिकर, सगळ्याची चव बघते आणि मार्क देते. नोकरीच हाय ती."

मामांचा हात पोह्यांच्या बशीपाशी थांबला. "म्हंजी पिती?"

"तोंडात घेते, घोळवते, थुंकून टाकते. प्यायले तर पुढच्या ग्लासाला न्याय कसा देणार?"

ग्लासाच्या न्यायाचं तिथं कुणाला पडलं होतं? पोहे बशीतच राहिले आणि पाहुण्यांची गाडी धुरळा उडवत विट्याच्या रस्त्याला लागली.

दुसरं कुठलं घर असतं, तर चार दिवस कुजबुज होऊन विषय मिटला असता. पण सोनम पडली हरणाबाईची लेक. हरणाबाईचा भाऊ हरिबा दारूपायी तरणाताठा गेला. त्यानंतर ह्या बाईनं वाडीवस्तीवरच्या बायका गोळा केल्या, मतदान घ्यायला लावलं, बाटली आडवी केली आणि गावातलं दारूचं दुकान बंद पाडलं. जन्म मेंढरांमागं गेलेला. माणसं हाकायला तिला जड गेलं नाही. तेव्हापासून महिला मंडळाची अध्यक्ष तीच होती.

आईला वाटायचं, पोरगी पलूसकडं द्राक्षांच्या रसाची तपासणी करते. ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. सांगलीत शिकून सोनम वायनरीच्या प्रयोगशाळेत लागली, आणि तिथं सगळ्यांच्या ध्यानात आलं, की हिचं नाक वेगळं आहे. बंद पिंपाजवळून नुसती गेली, तरी आत काय बिघडलंय ते सांगायची. मालकांनी तिला नाशिकला शिकायला धाडलं. तिथले सर वाईनचा घोट घेऊन म्हणायचे, "ब्लॅककरंट." सोनमनं ते फळ जन्मात पाहिलं नव्हतं. ती लिहायची, "करवंद, जरा जास्त पिकलेलं." एका धुरकट वासाच्या व्हिस्कीपुढं तिनं लिहिलं, "पावसात भिजून चुलीपाशी वाळत घातलेलं घोंगडं." दुसरीपुढं लिहिलं, "गुऱ्हाळातली काकवी, शेवटाला बेदाणा."

सर म्हणाले, "अगं, हे बाहेर कुणाला कळणार?"

"तुमचं मला कळत नव्हतं, तरी शिकलेच की. आता त्यांनी शिकावं."

तर अशी ती. पाहुणे गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी मंडळातली सुलाबाई दारात उभी राहिली. चहा नको म्हणाली, बसली पण नाही. "हरणाबाई, लोक हसाय लागल्यात. एकतर पोरीला कामावरनं काढा, न्हाईतर तुमी पद सोडा."

सुलाबाईची पाठ वळली तशी हरणाबाई लेकीवर उखडली. "उद्याच्या उद्या राजीनामा दे."

"न्हाई देनार."

"ज्यानं माजा भाऊ खाल्ला, त्याला तू मार्क देतीस?"

"आये, तू दुकान बंद पाडलंस, तवा निम्मं गाव दारात शिव्या देत उभं हुतं. तवा तू घरात बसलीस का? मग मला कशापायी बसवतीस?"

हरणाबाई जास्तच चिडली. सोनम म्हणाली, "शनिवारी सांगलीत स्पर्धा हाय, मी परीक्षक हाय. चल, डोळ्यांनी बघ. मग शिव्या दे."

हरणाबाई गेली. लेकीनं आव्हान दिलं आणि आपण घरी बसलो, असं तिला चालणार नव्हतं. एसटीत मायलेकी शेजारी बसल्या, पण हरणाबाईनं सांगलीपर्यंत तोंड खिडकीकडंच ठेवलं.

हॉटेलच्या हॉलमध्ये बाटल्या कापडात गुंडाळून त्यांवर नुसते नंबर लावले होते. हरणाबाई भिंतीकडेच्या खुर्चीत डोक्यावरचा पदर घट्ट धरून बसली. सोनम ग्लास उजेडाला धरायची, हुंगायची, व्हिस्कीत दोन थेंब पाणी टाकून परत हुंगायची. मग घोट घेऊन घटकाभर थांबायची आणि बादलीत थुंकायची. शेजारचे एक परीक्षक मात्र सगळं गिळत होते. दुपारपर्यंत त्यांना प्रत्येक बाटली उत्तम लागू लागली होती.

जेवणाच्या सुट्टीत लालासाहेब आले. स्पर्धा त्यांनीच भरवली होती आणि त्यांची स्वतःची आंब्याची लिकर, म्हणजे फळाची गोड दारू, तीही स्पर्धेत उतरली होती. सोनमला कोपऱ्यात घेऊन हलक्या आवाजात म्हणाले, "सात नंबर आपला हाय. मार्क लय कमी पडल्यात."

"सात नंबरात आंबा पुढं यायला पायजे, तिथं साखर येती. आंब्याचा वासबी डब्यातल्या रसाचा हाय. त्याला तेवढेच बसतात."

"वाढवायला काय जातंय तुजं?"

"माजं नाकच जातंय की."

लालासाहेबांचा चेहरा उतरला. "पुढल्या वर्षी बोलावणार न्हाई, सांगून ठेवतो." मग भिंतीकडं नजर गेली, तसा त्यांनी आवाज गोड केला. "मावशी, तुमी तरी समजवा. आपल्या भागातल्या मानसाला धरून ऱ्हावं मानसानं."

हरणाबाई उठली. "आवं दादा, मी दारूचं दुकान बंद पाडलेली बाई हाय. तुमची बाटली पडली, तर मला आनंदच हाय. आन पोरगी माजी हाय, ती कुनाच्या सांगन्यानं वाकत न्हाई. मी सांगून दमले, तितं तुमी कोन?"

आसपासची माणसं हसली. सोनमनं हसू दाबलं आणि पुढच्या ग्लासाकडं वळली. सात नंबरचे मार्क होते तसेच राहिले.

परतीच्या एसटीत हरणाबाईनंच तोंड उघडलं. "चांगली दारू म्हंजी काय असतं गं तिच्यात?"

सोनमनं सांगितलं. सकाळच्या एका व्हिस्कीला तिनं सगळ्यांत जास्त मार्क दिले होते. आधी मधाचा वास, मग भाजलेल्या जोंधळ्याचा, आणि घोट थुंकल्यावरही कितीतरी वेळ जिभेवर रेंगाळणारी ऊब. बोलता बोलता ती रंगात आली. हरणाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "इतकी चांगली असती, तर मग हरिबा काय पीत हुता?"

सोनमनं उगाच काही बनवून सांगितलं नाही. तासगाव मागं पडलं, द्राक्षबागा संपून उजाड माळ लागला.

मंडळाच्या बैठकीत सुलाबाईनं विषय काढला. हरणाबाई उभी राहिली. "मी मतानं अध्यक्ष झाले, मतानंच जाईन. हात वर करा. पन माज्या पोरीनं काय काम करावं, त्याचं मत ह्या मंडळाला न्हाई. तिचं काम मलाच पटत न्हाई. ते मी तिच्याशी बघून घीन, तुमी मधी पडू नका."

हात वर झाले. हरणाबाई थोडक्यात पडली आणि सुलाबाई अध्यक्ष झाली. पुढच्या बैठकीला हरणाबाई सगळ्यांच्या आधी येऊन पुढच्याच ओळीत बसली. ढाब्यामागं चोरून दारू विकली जाते, त्याचं नव्या अध्यक्षांनी काय केलं, असा सवाल तिनं टाकला. सुलाबाईला त्याच आठवड्यात फौजदारांकडं जावं लागलं. बरोबर हरणाबाई होतीच.

लालासाहेबांनी आपला शब्द खरा केला. सांगलीच्या स्पर्धेचं बोलावणं पुन्हा आलं नाही. पण पाचगणीच्या एका माणसानं स्ट्रॉबेरीची लिकर चाखायला सोनमला बोलावलं. त्यानं कौतुकानं ग्लास पुढं केला. सोनमनं घोट घेतला, थुंकला आणि त्याच्या तोंडावर सांगितलं, "स्ट्रॉबेरी चांगली हाय तुमची. दारूनं तिचा पार घात केलाय."