सूज उतरल्यानंतर

नळीतली लघवी परत पांढरी झाली. यशोदा बाळंत होऊन तीन महिने झाले होते. सूज उतरली होती, मूल गुटगुटीत होतं. निरोगी बाईची लघवी दिव्यावर तापवली तरी स्वच्छ राहते. अंड्यातल्या पांढऱ्यासारखा एक पदार्थ, अल्ब्युमिन, तिच्यातून जायला लागला की ती गढुळते. मूत्रपिंड ही शरीराची गाळणी. ती बिघडल्याची ही खूण.

तीस सालच्या सुमाराला मी रत्नागिरीत बायकांच्या दवाखान्यात डॉक्टर होते. यशोदाचं माहेर मिरकरवाड्याचं, सासर पूर्णगडचं, नवरा बोटीवर खलाशी. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी. शेवटच्या महिन्यात तिचं अंग सुजलं, डोकं ठणकू लागलं. आम्ही तिला कशीबशी वाचवली. माहेरच्यांनी सासरी यातलं अवाक्षर कळू दिलं नव्हतं.

"आता सासरी सांगा," मी तिच्या आईला म्हटलं. "दोन-तीन वर्षं दिवस जाता कामा नयेत. लघवीही अधूनमधून तपासायला हवी."

आईने दाराकडे पाहिलं. सुनेला न्यायला आलेली सासू बाहेर पडवीत बसली होती.

"डाक्टरीणबाय, पाया पडते तुमच्या. आजारी पोर गळ्यात मारली म्हनतील. दुसरी बायको करतील."

"करू देत! हिला झटके येऊन ही गेली, तर काय कराल?" माझा आवाज चढला.

मूल मांडीवर घेऊन बसलेली यशोदा म्हणाली, "आये, त्यांना आत बोलव. मी मेले तर तुझी अब्रू राहील. माझ्या पोराचा काय?"

सासू आली. मी नळी दाखवून सगळं समजावलं. लुगडं जरा वर घेऊन तिने स्वतःच्याच नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला, तो भरेना.

"पयल्या खेपेला मला झटके आलेले. पोर गेला. मी बरी झाले म्हनाले सगळे. हल्ली पाय असे सुजतात, दम लागतो. माझी पन बघा."

तापवल्यावर तिची लघवी दह्यासारखी घट्ट झाली. दोघी विहिणी नळीकडे बघत राहिल्या.

सासूसाठी आमच्यापाशी अळणी जेवण सांगण्यापलीकडे फारसं काही नव्हतं. पुढच्या वर्षी ती गेली. मला फार वाईट वाटलं. पण तोवर दर खेपेला ती सुनेला स्वतः घेऊन यायची. सुट्टीवर आलेल्या मुलालाही, इतक्यात दुसरं मूल नको म्हणून, तिनेच दटावलं. यशोदाची लघवी हळूहळू स्वच्छ झाली. दुसरं मूल बऱ्याच वर्षांनी झालं, आमच्याच दवाखान्यात, सुखरूप.

बाळंतीण घरी गेली की केस संपली, असं आम्ही डॉक्टर म्हणतो. तिच्या मूत्रपिंडांना ते कोणी कळवलेलं नसतं.