चालत जाता येईल

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला तर नाहीच नाही. देवासमोर उभा राहिलो तरी डोळे मिटून दुसरंच काहीतरी पुटपुटतो. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल, किंवा आता पोटात मावत नाही म्हणून. काय का असेना, बसा जरा. सरळ सांगणं मला जमायचं नाही. आडवळणानं येईन, पण येईन.

मी विमान चालवतो. मोठं नव्हे हो. माझं चार सीटचं, पुढं दोन, मागं दोन, नाकावर एकच पंखा. दार लावलं की डब्याचं झाकण लावल्यासारखा आवाज येतो. देशावरच्या एका धावपट्टीवर एका शेठचं हे विमान असतं आणि मी त्याचा पायलट. आमच्या भोरात मात्र मी म्हणजे कोण! लायसन मिळालं तेव्हा एस्टी स्टँडसमोर फ्लेक्स लागला होता. माझा गॉगल घातलेला फोटो, खाली 'भोरचा गरुड'. शेजारच्या काकू अजून कौतुकानं पोरांना माझ्या पाया पडायला लावतात.

तर हा गरुड डोंगराला भितो.

हसू नका. खरंच भितो. एका दिवाळीच्या सुमाराला एकटाच राजगडाकडं गेलो होतो. गुंजवण्याचं धरण वरून बघावं, भातखाचरं पिवळी झालीत ती बघावीत, एवढीच हौस. गडाच्या आडोशाला गेलो आणि बुडाखालचा पाट कुणी ओढून घ्यावा तसं विमान खाली जायला लागलं. डोंगर ओलांडून आलेला वारा पलीकडच्या अंगाला खाली कोसळतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहून मार्कही घेतले होते. इंजिनाचा सगळा जोर लावला तरी उंचीचा काटा उलटाच फिरतोय. मग ती पिपाणी वाजायला लागली. पंखांना हवा धरेनाशी झाली की आमच्या विमानात तशी शिट्टी वाजते, जत्रेतल्या पिपाणीसारखी. समोर कारवीची झुडपं, आणि झुडपांची पानं — पानं दिसत होती मला! एका म्हशीनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. मग वाऱ्यानंच पुन्हा उचललं. मी काहीच केलं नव्हतं. चाळिशीला टेकलेला बाप्या, मी नुसता 'आई, आई' म्हणून ओरडत होतो.

उतरल्यावर शेठनं विचारलं, मजा आली का? मी म्हटलं, एकदम. त्यानंतर मी डोंगराकडं नाक केलं नाही. काही ना काही सबब सांगायचो — धुरकट आहे, वारा बरा नाही. सपाटीवर उडत राहायचो. तसं चाललं असतं की आयुष्यभर! कुणाला कळणार होतं?

पण आबा होते.

आबा म्हणजे माझे वडील, एस्टीत ड्रायव्हर. भोर, वेल्हे, वरंधा घाट, सगळी हयात त्या वळणांवर गेली. पावसाळ्यात पुढचं काही दिसायचं नाही, तेव्हा कंडक्टर खाली उतरून पुढं चालायचा आणि आबा त्याच्या बॅटरीमागं गाडी काढायचे. घरी येऊन नुसतं म्हणायचे, "आज जरा धुकं व्हतं." अशा माणसाला मी कोणत्या तोंडानं सांगणार, की आबा, मला डोंगरात जायला भीती वाटते?

आता देवळाचं ऐका, म्हणजे पुढचं कळेल. आमचं मूळ गाव भाटघर धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. आबांच्याही जन्माआधी. माणसं वर सरकली, आमचं घर भोरात आलं, देऊळ तेवढं खाली राहिलं. भैरोबाचं. पाणी खूप उतरलं तर उन्हाळ्यात उघडं पडतं, नाहीतर नाही. ते एका आतल्या वळणात आहे, वस्तीवरून दिसत नाही, जायला रस्ताही नाही. आणि देऊळ उघडं पडलं की पहिला दिवा आमच्या घराचा. हा मान. बाकीच्या भावकीनं लावायचा तो नंतर. आदल्या खेपेला आबा आजारी होते, तेव्हा चुलत घरातल्यांनी परस्पर दिवा लावून टाकला. कुणाला त्याचं काय वाटणार? आबांनी मात्र दोन दिवस धड जेवण घेतलं नव्हतं. पुढं कित्येक उन्हाळे देऊळ वर आलंच नाही. मी राजगडाला भ्यालो त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलंय असं कानावर आलं आणि आबांनी मला धरलं. "बाळू, तुझ्या त्या इमानातनं येकदा दाव की रं. उघडं पडलंय का तेवढं बघू."

नाही म्हणायला जीभ रेटली नाही. शेठला विचारलं, तो आनंदानं हो म्हणाला. आईनं मात्र पदराला हात पुसत सांगून टाकलं, "म्या न्हाई बाई त्या डबड्यात बसायची."

सकाळी लवकर या म्हटलं होतं. पण आबांची एस्टी चुकली, दुसरी मिळेपर्यंत ऊन चढलं. वैशाखातलं ऊन. तापलेल्या जमिनीवरून हवा उसळायला लागते तेव्हा डोंगरात जाऊ नये. हे खरंच कारण होतं, सबब नव्हती. तेव्हाच बोललो असतो तर? पण आबा इस्त्रीचा सदरा घालून आले होते, हातात पिशवी, पिशवीत नारळ. विमानात बसल्या बसल्या म्हणाले, "गेर कुठं हाय रं हिचा?" मी हसलो आणि पट्टा लावला. नारळाची पिशवी मागच्या सीटवर ठेवली.

भोरपर्यंत छान गेलो. नीरा नदी, हायवे, राजवाडा, आबा लहान पोरासारखे काचेला नाक लावून. "आपलं घर! त्यो बघ डेपो!" भाटघरची भिंत मागं टाकली आणि पुढं ते लांबट पाणी, दोन्ही अंगांना डोंगर. हळूहळू डोंगर जवळ यायला लागले. तुम्हाला खोलीच्या भिंती जवळ येताना कधी दिसल्यात का? तसं. पहिला दणका बसला. मागच्या सीटवरनं नारळ खाली पडला आणि पत्र्यावरनं गडगडत गेला, आणि तेवढ्या आवाजानं मी दांडा दोन्ही हातांनी आवळून धरला. घामानं हात निसटायला लागले. पिपाणी वाजली नव्हती हो! मला वाजल्यासारखी वाटत होती. देऊळ पुढच्या वळणापलीकडं. त्या वळणाशी दरी अरुंद होते. मी वळणापर्यंत गेलोच नाही. विमान कलतं केलं आणि मागं फिरवलं.

देऊळ मी पाहिलंच नाही. हे आधी नीट ऐकून ठेवा.

आबांना वाटलं, आलंच. "कुठं रं? कुठं?" विमान कललेलं, त्यांच्या बाजूला खाली तपकिरी गाळ, कडेला पाणी. त्यात काहीतरी काळं दिसत होतं. खडक असेल, म्हैस असेल, देव जाणे. आबांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. मी बोट दाखवलं. "ते बघा आबा. ते काळं."

"व्हय व्हय! दिसलं!"

त्यांनी पायातल्या चपला काढल्या. त्या दणक्यांत, पट्ट्यात अडकलेले, वाकून चपला काढल्या आणि हात जोडले. गालांवरनं पाणी वाहत होतं. मला काय वाटलं सांगू? सुटलो असं वाटलं. आता सरळ सपाटीवर जायचं.

मग त्यांनी विचारलं, "पाणी कुठवर हाय? गाळ वाळलाय का?"

बघा, इथं मला गप्प बसता आलं असतं. नीट दिसलं नाही म्हणता आलं असतं. पण खोट्याला खोट्याचा टेकू लागतो. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. मी म्हणालो, "खडखडीत वाळलंय आबा. चालत जाता येईल."

तीन शब्द. घरी बसून मी ते कितीदा उच्चारून पाहिलेत. दुसऱ्या कुणीतरी म्हटले असावेत असं वाटावं म्हणून हळू म्हणून पाहिलेत, भरभर म्हणून पाहिलेत. आवाज माझाच येतो.

उतरल्यावर आबा कानाशी लागले. "कुणाला बोलू नगंस. भावकीला कळायच्या आत दिवा लावून येतो." म्हणजे मला ठाऊक होतं. जाणार, एकटे जाणार, कुणाला न सांगता जाणार, हे मला ठाऊक होतं. त्यांना एस्टीत बसवून दिलं. संध्याकाळी फोन हातात घेतला. सांगायचं एवढंच होतं की आबा, ते देऊळ नव्हतं, मी भ्यालो. फोन ठेवून दिला. म्हटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी म्हटलं, एवढ्या उन्हात कशाला लगेच जातील?

त्याच आठवड्यात गेले. आईला म्हणाले, बहिणीकडं जाऊन येतो. आई बिनघोर, आत्या बिनघोर. मासे धरणारे होडीतनं दुसऱ्या दिवशी सकाळी तिकडं गेले तेव्हा त्यांना दिसले. कमरेपर्यंत गाळात. पिशवी उंच गळ्याशी धरलेली, आत नारळ, तेलाची बाटली, वाती. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. पण ते कधी बंद पडलं? किती वेळानं? आबांचा आवाज मोठा होता, घाटात समोरच्या गाडीला हाक मारायचे तर डोंगर घुमायचा. त्या संध्याकाळी त्यांनी किती हाका मारल्या असतील? कुणाला मारल्या असतील? — मला?

तो गाळ वरून वाळलेला असतो. भेगा पडलेल्या, दगडासारखा दिसतो. खाली लोणी. आबांना हे कळत नव्हतं? धरणाकाठच्या माणसाला? गाळात उतरताना काठीनं टोचून बघत जायचं, हे त्यांनीच मला लहानपणी शिकवलेलं. मी तिथं पोचलो तेव्हा काठावर त्यांच्या चपला होत्या, देवाकडं जाताना काढतात तशा. आणि चपलांशेजारी काठी. हात नारळाला आणि तेलाला मोकळे असावेत म्हणून काठी ठेवून गेले होते. पोरानं वरून बघितलंय म्हटल्यावर टोचून बघायचं कशाला? लोक रडत होते. मी त्या काठीकडं बघत होतो. मी ती उचलली आणि लांब पाण्यात फेकून दिली. हेही कुणी पाहिलं नाही.

दहाव्याला नदीवर भावकी जमली. चुलता सगळ्यांसमोर म्हणाला, "मानापायी गेला म्हातारा. लई हाव. गाळ वला हाय, दिसत न्हाई व्हय?" माझं डोकं नुकतंच भादरलेलं, घाटाच्या पायरीवर बसलो होतो. बापाला हावरट म्हणत होते आणि मी खाली मान घालून दर्भाची अंगठी फिरवत होतो. तेव्हा तोंड उघडलं असतं तर निदान आबांच्या नावाचा डाग गेला असता. नाही उघडलं. आजही भोरात आबांचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, मानापायी गेला.

मी अजून उडतो. लोकांना वाटतं बापाच्या आठवणीनं डोंगराकडं जात नाही. त्यांच्या डोळ्यांत दया असते आणि ती मी घेतो. पण आता भीती डोंगराची राहिली नाही. आईची वाटते. ती भाजी निवडता निवडता मध्येच थांबते आणि माझ्याकडं बघते. विचारते काय? आता विचारते काय? आणि ती म्हणते, "मीठ आण रं संपलंय."

आई आल्यागेल्याला एकच गोष्ट सांगते. "जायच्या आधी माझ्या पोरानं त्यांना देव दावला. इमानातनं. चपला काढून पाया पडले, घरी येऊन सोत्ता सांगितलं मला. लई समाधानानं गेले बघा."

गेल्या उन्हाळ्यात देऊळ पुन्हा वर आलं. चांगलं वर, पायऱ्यांसकट. आता मान माझा. भावकी मागं उभी राहिली, चुलतासुद्धा. होडीतनं आईला धरून उतरवलं. मी पहिला दिवा लावला. आईनं पिशवीतनं नारळ काढून माझ्या हातात दिला. म्हणाली, "तूच फोड. तूच दावलास त्यांना."

मी फोडला. तिनं खोबऱ्याचा पहिला तुकडा मोडून माझ्या तळहातावर ठेवला आणि मी खाईपर्यंत बघत उभी राहिली.

मी खाल्ला.