गंज आणि पागोटं

ज्या टोपीनं माझं डोकं वाचवलं, तिला आमच्या घरात कोणी टोपी म्हणत नाही. गंज म्हणतात. भात शिजवायचा असतो ना, तो गंज. नाव गावानं ठेवलं आणि गावानं एकदा नाव ठेवलं की ब्रह्मदेव आला तरी पुसलं जात नाही. मी पुष्कळ चिडलो, दोघातिघांशी भांडलोही. शेवटी मीच गंज म्हणायला लागलो.

लढाई संपली आणि फौजेचं सामान लिलावात निघालं. रिसोडच्या एका कापसाच्या आडत्यानं त्यातून एक फटफटी आणली. हौस दांडगी, पण पहिल्याच दिवशी मालक फटफटीसकट बाभळीत घुसले. अंगातले काटे काढता काढता त्यांच्या घरच्यांना दिवस पुरला नाही. पुन्हा म्हणून ते तिच्यावर बसले नाहीत. मी तेव्हा बाजारात सायकली दुरुस्त करायचो. 'याले यंत्रातलं कळते,' एवढ्यावर मालकांनी मला तिच्यावर बसवलं. सकाळी वाशीमला जायचं, तिथल्या पेढीवरून कापसाचा भाव आणायचा, मालकांच्या कानावर घालायचा. रस्ता रिठदवरून, सगळा मुरूम आणि नाले. पण काय ऐट होती म्हणून सांगू! फटफटीचा आवाज आला की बैल बिथरायचे आणि लोक बैलांना सोडून मला शिव्या द्यायचे.

फटफटीबरोबर फौजेचीच एक टोपी आली होती. वरून टणक, आत कापसाची गादी, कानांवर चामड्याचे पट्टे आणि हनुवटीखाली बक्कल. मालकांनी ती कोनाड्यात टाकून दिली होती. मीही तिच्याकडे पाहिलं नाही. कारण माझ्या डोक्यावर पागोटं होतं, आणि ते बाबांनी बांधलेलं होतं.

बाबांचं सांगितलं पाहिजे. रिसोडच्या कडेला आमचा मळा, मळ्यातच घर. वांगी, मिरची, सांबार म्हणजे कोथिंबीर, थोडी हळद. मी रांगत होतो तेव्हाच माय गेली. बाबांनी दुसरं लग्न केलं नाही. मला खांद्यावर बसवून मोट हाकली, भाजीच्या टोपल्यात बसवून बाजार केला. मला पागोटं बांधता कधी आलंच नाही. लग्न झालं, पोरगी झाली, तरी सकाळी बाबा अंगणात बसायचे, आपल्या गुडघ्यावर माझं पागोटं गुंडाळायचे, घडी घडी चापून बसवायचे आणि माझ्या डोक्यावर ठेवायचे. बायको तोंडाला पदर लावून हसायची. "पोरीले झबलं मी घालतो अन् पोरीच्या बापाले पागोटं मामाजी घालते," म्हणायची.

एक दिवस रिठदच्या अलीकडे वाऱ्यानं पागोट्याचा शेव, म्हणजे शेवटचं टोक, सुटला आणि मागच्या चाकात गेला. मान मागं खेचली गेली, मी रस्त्यावर आपटलो. कपाळ फुटलं. दगडावर डोकं आदळलं तेव्हा पागोट्याचे चार वेढे अजून डोक्यावर होते म्हणून कवटी शाबूत राहिली. घरी आलो तर तिथं दुसरीच लढाई जुंपली.

"पाह्यलं? पागोट्यानं वाचवलं," बाबा म्हणाले.

"मामाजी, पागोट्यानंच पाडलं ना पण!" बायको म्हणाली. एरवी ती त्यांच्यापुढं आवाज काढायची नाही. "ते फौजेची टोपी हाय ना मालकापाशी, ते घालत जा म्हणा यायले. शीर सलामत तं पगडी पचास."

"अन् पगडीच गेली तं शीर काय चाटाचं हाय?"

दोघंही खरं बोलत होते, तेच तर वाईट. आमच्याकडे बाप जिवंत असताना लेक उघड्या डोक्यानं घराबाहेर पडत नाही. डोकं उघडं पडतं ते बाप गेल्यावर. आणि ती टोपी पागोट्यावर बसत नव्हती. ती घालायची तर पागोटं उतरवलंच पाहिजे.

माझा निर्णय त्या दोघांच्या भांडणानं झाला नाही. कपाळाला पट्टी बांधलेली, तोंड सुजलेलं, म्हणून पोरगी मला ओळखेना. जवळ घ्यायला गेलो तर किंचाळून आईच्या पदराआड गेली. एकाच माणसाच्या हातानं वाढणं काय असतं ते मला कोणी शिकवायला नको. बाबांनी काही कमी केलं नाही, पण सणाच्या दिवशी दुसऱ्यांच्या घरातून तळणाचा वास आला की आम्ही दोघं बापलेक एकमेकांकडे पाहायचो नाही. तसं माझ्या पोरीच्या वाट्याला यायला नको होतं. मी मालकांकडून टोपी मागून आणली.

पहिल्या दिवशी टोपी हातात धरून, डोकं उघडं, मी फाटकाबाहेर आलो. फटफटी कुंपणाबाहेर निंबाखाली असायची. शेजारच्या मळ्यातली म्हातारी शेण थापत होती. तिनं माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि शेणाचा हात तसाच तोंडाशी नेला.

"काय रे बापा, बुढा गेला काय तुहा?"

बुढा मागंच मोट हाकत होता. त्यानं ऐकलं. बैल सोडून तरातरा कुंपणाशी आला. "अजून जिता हाय मी! काय इचाराचं ते मलेच इचार!"

म्हातारी शरमली, मी हसलो. हसायला नको होतं. दुसऱ्या दिवसापासून बाबांनी माझं पागोटं बांधणं बंद केलं. अंगणात बसायचे, पण गुडघा रिकामा. मी आपलं वेडंवाकडं पागोटं गुंडाळायचो, वेशीबाहेर गेलो की ते पिशवीत कोंबायचो आणि टोपी घालायचो. चोरासारखं. गावात काही लपतं का! 'गंज घातला वो गंज,' म्हणून बाजारात टवाळी सुरू झाली आणि ती बाबांच्या कानावर गेली. त्यावरून एकदा जेवताना तोंडाला तोंड लागलं. मी तापट, जिभेला हाड नाही. "लेकापरीस कापड मोठं झालं काय तुमाले?" असं बोललो. बाबांनी ताटातच हात धुतले आणि उठले. हे वाक्य मी हजारदा परत घेतलं आहे, ऐकायला तेच नाहीत.

एका दुपारी बायको मला हळूच गोठ्यापाशी घेऊन गेली. आत बाबा होते. आपलं पागोटं त्यांनी खुंटीवर ठेवलं होतं आणि डोक्यावर माझा गंज होता. वरून स्वतःच चाबकाच्या दांड्यानं ठोकून पाहत होते. एकदा हळू. मग जरा जोरात. मग बैलाला म्हणाले, "कडक हाय बे."

आम्ही गपचूप मागं फिरलो. बायकोच्या डोळ्यांत हसण्यानं पाणी आलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणातून हाक आली. बाबा बसले होते, गुडघ्यावर माझं पागोटं. घडी घडी चापून बांधलं, माझ्या डोक्यावर ठेवलं, मग उभे राहिले आणि दोन्ही हातांनी ते तसंच्या तसं अलगद उतरवून घेतलं.

"घाल आता तुहा गंज."

"अन् पागोटं?"

"ते माह्यापाशी. बापाच्या हातात हाय तवर ते डोक्शावरच हाय. कोनाच्या बापाची टाप हाय इचाराची! मी येतो संगं वाशीमले. हळदीचं बेणं पाहाचं हाय."

हळद तर अजून वावरात उभी होती. बेण्याला अवकाश होता. पण मी धावत जाऊन फटफटीची मागची जागा पुसली. माझा बाप माझ्या मागं फटफटीवर बसणार होता, या आनंदात मी नुसता येडा झालो होतो.

बायको पोरीला काखेत घेऊन फाटकाशी आली. "मामाजी, घट्ट धरून बसा बरं."

"हाव हाव. धरलंच हाय," बाबा म्हणाले.

बाजारातून मी मुद्दाम हळू गेलो. बाबा मागं ताठ बसलेले, त्यांच्या डोक्यावर त्यांचं पागोटं, दोन्ही हातांत समोर धरलेलं माझं, देवाचा प्रसाद धरावा तसं. लोक दुकानांतून बाहेर आले. एकाचीही 'गंज' म्हणायची हिंमत झाली नाही. उलट एकानं रामराम घातला, आणि हात मोकळे नव्हते म्हणून बाबांनी नुसती मान हलवली. उभ्या जन्मात मला इतकं मोठं वाटलं नव्हतं.

रिठद मागं पडलं. पुढं नाल्याचा उतार येतो, ठाऊक होतं. मी ओरडून विचारलं, "बाबा, धरलं ना?"

"धरलं!"

मी फटफटीबद्दल विचारत होतो. ते पागोट्याबद्दल सांगत होते. कमरेला त्यांचा हात नव्हता हे मला जाणवत होतं, पण वाटलं, बसायच्या जागेमागं लोखंडी कडी आहे ती धरली असेल. मान वळवून पाहायला कितीसा वेळ लागला असता? पागोटं पिशवीत ठेवा, असं म्हणायला किती लागला असता? म्हणालो असतो तर ते चिडले असते, आणि चिडलेला बाप जिवंत असतो.

उतारावर एक गोऱ्हा झाडोऱ्यातून आडवा पळाला. मी ब्रेक दाबला, मुरमावर चाक घसरलं. माझं डोकं नाल्याच्या दगडावर असं आपटलं की टोपीला वरून खालपर्यंत चीर गेली. आत मी धडधाकट. खरचटलंसुद्धा नव्हतं. उठून पाहिलं तर बाबा पाठीवर पडलेले. त्यांचं स्वतःचं पागोटं घरंगळत चिखलात गेलं होतं, आणि माझं त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं होतं. पडताना माणूस हात टेकतो. लहान लेकरूही टेकतं. त्यांनी टेकले नाहीत.

लोक म्हणतात, नशीब. नशीब गेलं चुलीत! मी पोरीसाठी एक डोकं वाचवायला निघालो आणि घरात दुसरं डोकं आहे हे विसरलो. बायकोनं पुढं आयुष्यभर स्वतःला बोल लावला, की मीच टोपीचा हट्ट धरला. मी तिला सांगायचो, तुझं काही चुकलं नाही, तू धरून बसा म्हणाली होतीस. तीही मला सांगायची, तुमचं काही चुकलं नाही. दोघांचंही एकमेकांना पटलं नाही.

रिठदचा एक शेतकरी बैलगाडी घेऊन धावत आला. आम्ही बाबांना कडब्यावर निजवलं. मागून डोक्याला लागलं होतं, रक्त फार नव्हतं, म्हणून मला आशा होती. मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. पागोटं ते सोडेनात, तेव्हा तसंच त्यांच्या छातीवर राहू दिलं. गाडी रिसोडच्या वाटेला लागली. मी बोलत होतो, काहीबाही बोलत होतो. जेवताना बोललो ते मनातून नव्हतं, हेही बोललो. त्यांनी ऐकलं की नाही, देव जाणे.

रिसोडची झाडं दिसायला लागली तेव्हा त्यांनी डोळे उघडले. आधी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग चेहऱ्याच्या वर.

"डोक्सं उघडं हाय तुहं," म्हणाले. "पागोटं घाल. वेस आली. लोक इचारतीन, बुढा गेला काय म्हणून."

आणि त्यांनी हात सैल केले. मी पागोटं उचललं. एक घडी हलली नव्हती, मातीचा कण लागला नव्हता. मी ते डोक्यावर ठेवलं आणि म्हणालो, "पाहा बाबा, घातलं." ते माझ्याकडेच पाहत होते, पण पापणी लवत नव्हती. मी दोनदा तीनदा हाक मारली. गाडीवाल्यानं मागं वळून पाहिलं आणि बैल हळू केले.

मळ्यापाशी आलो. शेजारची म्हातारी कुंपणाशी होती. गाडीच्या कठड्यावरून तिला माझं पागोटं दिसलं तशी ती हसली. "आले का बापलेक? फटफटी कुठी ठेवली?" तिचा आवाज ऐकून बायको पोरीला घेऊन धावत बाहेर आली. तिनंही आधी माझ्या डोक्याकडेच पाहिलं. डोकं जागेवर, पागोटं जागेवर. तिचा जीव भांड्यात पडलेला मला दिसला.

बाबांनी सकाळी उतरवलं होतं तसंच, दोन्ही हातांनी, मी पागोटं उतरवलं.