दीर्घिकेची कापलेली कड

माझ्या धाकट्या नणंदेचं नेऱ्याला शेत आहे. पनवेलच्या दिव्यांपासून जरा आत, डोंगराच्या पायथ्याशी. नोकऱ्या संपल्यावर आम्हा दोघींना आकाश बघायचा नाद लागला, तो तिच्या दहा इंची दुर्बिणीमुळे. ग्रह बघून झाले आणि मग आम्ही आपल्या आकाशगंगेशेजारच्या एका दीर्घिकेच्या मागे लागलो. त्रिकोण तारकासमूहातली ही दीर्घिका म्हणजे नुसता धुरकट डाग. पण तिच्या एका भुजेत प्रचंड तेजोमेघ आहे, आसपास तारकागुच्छ आहेत. ते पकडायचे तर सरळ बघून चालत नाही, नजर जराशी बाजूला ठेवावी लागते.

त्या डिसेंबरात जेवणाआधीच ती दीर्घिका डोक्यावर यायची. मी दुर्बिणीला डोळा लावला आणि कडेला काहीतरी लख्खकन चमकलं.

"माथेरानकडे वीज चमकतेय का गं?"

शेत सांभाळणारी बाई बांधावर बसली होती. तिनेच उत्तर दिलं, "नाय ताई. आभाळ कोरडं हाय."

पुन्हा चमकलं. डोळे मिटले, तरी चमकलं. थकवा असेल म्हणून मी पुन्हा दुर्बिणीला डोळा लावला. तेजोमेघ सापडला. त्याच्या खालचे गुच्छ शोधू लागले, तर तिथे काहीच नव्हतं. आकाशाच्या काळ्यातही बारीक उजेड असतो. हे काळं अगदी रिकामं होतं.

"भिंगावर दव धरलंय बघ."

नणंदेने वाकून पाहिलं. "नाही वहिनी, स्वच्छ आहे. गुच्छसुद्धा दिसतायत."

मी दुर्बीण सरकवली. दीर्घिका सरकली, अंधार जागचा हलला नाही. डावा डोळा लावला, तर सगळं होतं तिथेच. परत उजवा लावला. आता तो अंधार तेजोमेघाला टेकला होता.

"वहिनी, काय झालं? बोला ना!"

"माझा डोळा जातोय," मी म्हणाले.

दुर्बीण तशीच उघड्यावर टाकून तिने गाडी काढली. वाटेत मी डावा डोळा झाकून समोरून येणारे ट्रक बघत होते. वरचा भाग दिसायचा, खाली चाकंही नाहीत, रस्ताही नाही. "नका ना सारखं बघू," ती म्हणत होती. मला थांबवत नव्हतं.

डोळ्यांचे डॉक्टर दवाखाना बंद करायच्या बेतात होते. तपासून म्हणाले, "मागचा पडदा सुटतोय. मधोमध अजून सुटलेला नाही. डोकं हलवू नका."

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं, मग पडदा चिकटून बसावा म्हणून कितीतरी दिवस पालथं पडून राहणं. डोळा वाचला, पण दाराची चौकट अजूनही त्याला वाकडी दिसते. डाव्या डोळ्याचा पडदाही पातळ निघाला. त्यावर लेझर करून डॉक्टर म्हणाले, "याच्याही कडेला अंधार येतो का, लक्ष ठेवा."

गेल्या महिन्यात आम्ही पुन्हा नेऱ्याला गेलो. उजव्या डोळ्याला तेजोमेघ फाटल्यासारखा दिसला, म्हणून डावा लावला. नणंद पाठीशी उभी राहून दर थोड्या वेळाने विचारत होती, "पूर्ण दिसतोय ना?"

दिसत होता. मी प्रत्येक वेळी आधी कडा तपासत होते, मग हो म्हणत होते.