मतासाठी आलेलं वाण

चाळीतल्या बायांनो, आज फळ्यावर सुविचार नाही. दुपारी झालं ते लिहितेय, पुसायचं तर वाचून पुसा.

संक्रांत कधीच सरली, पण निवडणूक आली ना! म्हणून उमेदवाराची बायको विक्रोळीत हळदीकुंकू करत फिरतेय. वाण म्हणून स्टीलचा डबा, झाकणावर उमेदवाराचं नाव कोरलेलं.

रविवारीच आपण सगळ्यांनी नारळावर हात ठेवून शपथ घेतली होती, मतासाठी कुणाकडून काही घ्यायचं नाही. आज डबा घ्यायला पहिली कोण, तर माझी शेजारीण शेवंता. म्हणते कशी, "अगं, वाण नाकारू नये. रीत आहे."

मग उमेदवाराची बायको माझ्या दारात आली. गिरणीच्या संपात माझा नवरा गेला, तेव्हापासून मला हळदीकुंकवाला कुणी बोलावलेलं नाही, शेवंतानेही नाही, विधवेला बोलवायची रीत नाही म्हणून. हिने खुशाल कुंकवाचा करंडा पुढे केला.

"बाई, मी विधवा आहे."

"असू दे हो, यादीत नाव आहे ना तुमचं?"

डबा मी परत केला. शेवंता, तू मात्र शेजारी उभी राहून तुझ्या डब्याचं झाकण लावून बघत होतीस. तुझी रीत एका डब्यात मोडते हे आधी सांगायचंस ना, मीच आणून दिला असता गं.